वैशूस, मुंबईला निघण्यापूर्वी

चि. वैशू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास, मी नाही. तेवढं आधी लिहून ठेवते. "हॉस्पिटलात आलीस की तू आई राहत नाहीस, सिस्टर होतेस" म्हणालीस. बरं. तसाही मला खोकला झालाय आणि तुझ्याजवळ खोकणारं माणूस नको, तेव्हा येत नाही. पण दादा उद्या पहाटेच्या एसटीनं पुण्याला येतोय, त्याच्या पिशवीत हे पत्र घालतेय. वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

एकच सांगायचंय. मुंबईत फुप्फुसांच्या ट्रान्सप्लांटच्या तपासण्यांत सहा मिनिटं चालायला लावतील, तेव्हा दात आवळून चालू नकोस.

हसू नकोस. साधारण तीस मीटरचा व्हरांडा असतो, दोन्ही टोकांना खुणा, बोटाला ऑक्सिमीटर. सहा मिनिटांत जमेल तेवढं चाला म्हणतात. अंतर मोजतात आणि सॅच्युरेशन कुठवर उतरलं तेही बघतात. मध्ये थांबता येतं, भिंतीला टेकता येतं, घड्याळ तेवढं चालू राहतं. आधी आणि नंतर विचारतात, शून्य ते दहामध्ये धाप किती? तिथं ओठ निळे पडलेले असतील आणि तू "दोन" म्हणशील. मला माहीत आहे तू म्हणशील.

२०१४ साली हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून उतरलीस, तेव्हा अंगात ताप होता. मला कधी कळलं? संध्याकाळी मेडल भिंतीला लावताना हात लागला तेव्हा. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, तेही मोज्यातच लपवलेलं. नाना अजून ते मेडल आल्यागेल्याला दाखवतात. परवा गॅसवाल्याला दाखवलं. त्याला घाई होती, तरी एकवीस किलोमीटरचं सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. शाळेत असताना अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळापर्यंत तू नानांच्या पुढं पळायचीस आणि वरून ओरडायचीस, "या की लवकर!" मी निम्म्या वाटेत बसलेली असायची. तुझी छाती नानांची आहे असं सगळे म्हणायचे. मला राग यायचा, पण खरंच होतं ते.

आता मला काय सांगायचंय ते ऐक. सचिनरावांना डॉक्टरांनी समजावलंय, ट्रान्सप्लांटसाठी माणूस पुरेसा आजारीही हवा आणि ऑपरेशन सोसेल इतका धडधाकटही. त्या दोन्हींच्या मध्ये जो काळ असतो, तो फार मोठा नसतो. तू सगळं झाकून ठेवलंस तर ते म्हणतील, अजून औषधांवर चालेल, सहा महिन्यांनी या. आणि सहा महिन्यांनी म्हणतील, आता झेपणार नाही. मेढ्याला ड्युटीवर असताना हे मी किती वेळा पाहिलंय. डोंगरातून पायी आलेला माणूस, बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि डॉक्टर समोर आले की, "बरं हाय सायेब." बाहेर आला की माझ्याकडं बघून रडायचा. मी डॉक्टरांना आत जाऊन सांगायची. तुझ्यामागं आत जाऊन सांगणारं कोण आहे? सचिनराव भिडस्त.

जिना चढताना मध्ये बसावं लागतं ते सांग. ओवीची वेणी घालताना हात वर धरले की दम लागतो ते सांग. रात्री ऑक्सिजनचं मशीन दोनवर होतं ते चारवर नेलंस, हे मला ओवीनं सांगितलंय. तिला रागावू नकोस.

कॅथला घाबरू नकोस. मानेच्या नाहीतर जांघेच्या शिरेतून बारीक नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नेतात, फुप्फुसाकडं जाणाऱ्या रक्ताचा दाब बघतात. तेवढी जागाच बधिर करतात. फुप्फुसं कडक झाली की हृदयाला जोर लावावा लागतो, तो किती ते त्यांना हवंय. दातांच्या डॉक्टरकडं पाठवलं तर "याचा काय संबंध" म्हणून वाद घालू नकोस. पुढं जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, तेव्हा एक किडका दातही महागात पडतो. लशीही त्या आधीच उरकून घेतात, त्यांचं कार्ड फाइलमध्ये आहे का बघ. वजन घटू देऊ नकोस, फार हडकलेल्यालाही ते थांबवतात. मानसोपचारतज्ज्ञ बोलतील, तिथं हुशारी दाखवायला जाऊ नकोस. एसीच्या डब्यामागची ती घाण सचिनरावांनी माणूस लावून काढून घ्यावी, तू त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. स्टिरॉइडची गोळी रिकाम्या पोटी

झालं, सिस्टर आली. माफ कर. ते खोडत नाही, आता कागद घाण होईल.

एक गोष्ट तू मला सांगितली नाहीस, सचिनरावांनी सांगितली. ऑपरेशन झालेल्यांतले निम्म्याहून थोडे अधिक लोक पाच वर्षं पार करतात. ओवी आता तिसरीत आहे. मी बोटांवर मोजलं, पाच वर्षं म्हणजे आठवी. मग मोजायचं सोडून दिलं आणि नानांचा चहा टाकला. त्यांना हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. पुढं गेलेलेही पुष्कळ आहेत म्हणे. तू घाटात नेहमी पुढंच असायचीस.

देवाला काय मागायचं तेही मला कळेनासं झालंय. यादीत नाव लागावं हे मागते. त्यापुढं फोन यावा म्हणायला जीभ रेटत नाही. खंबाटकीतले अपघात सिव्हिलला यायचे, हेल्मेट हातात धरून बाहेर बसलेले बाप मी पाहिलेत. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच फुप्फुसं मिळणार, आणि बाहेर ती काही तासच टिकतात. त्या काही तासांत कुठल्या तरी आईनं सही केलेली असते. त्यात रक्तगट जुळायचा, छातीचं माप जुळायचं. ते तुझ्या-माझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे ते खरं बोलणं. परत तेच आलं बघ. नको म्हटलं तरी तिथंच येतं.

पिशवीत मेतकूट आहे आणि भाजणी आहे. कंदी पेढे ओवीचे, तुझी साखर वाढलीय असं रिपोर्टमध्ये आहे. नानांनी तुझा जुना विंडचीटर घातलाय, मी नको म्हणत होते, मुंबईत कशाला लागतो? राहू दे आता.

सोशल वर्कर विचारतील, ऑपरेशननंतर सोबत कोण राहणार. पहिले काही महिने हॉस्पिटलच्या जवळच खोली घेऊन राहावं लागतं, गोळ्यांच्या वेळा सांभाळायला चोवीस तास माणूस लागतं. सचिनरावांची नोकरी टिकली पाहिजे, विमा तिचाच आहे. पहिलं नाव माझं लिही. वय ६६, बीपी गोळीनं ताब्यात आहे, जिना चढते. नानांचं जेवण शेजारच्या काकूंशी बोलून ठरवलंय, ओवीची शाळाही दादानं इथं विचारून ठेवलीय. तुला न विचारता केलं. भांडायचं असेल तर शनिवारी फोन कर, तोवर माझा खोकला बसलेला असेल.

तुझी,
आई