वेचणीच्या दिवसात गावाचा आराखडा कोण करणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठका झाल्या की पेपरात बातम्या येतात, इतके कोटी मंजूर, इतका निधी अखर्चित, अमुक रस्त्याला मान्यता. मी त्या सगळ्या वाचते. पण जिल्ह्याचा आराखडा ज्या गावच्या आराखड्यावर उभा राहायला पाहिजे तो गावात कसा तयार होतो यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी केळापूर तालुक्यातली, थोडं वावर आहे, बचत गटाचं काम करते, आमच्या ग्रामपंचायतीत कोलाम आदिवासींची दोन पोडं, म्हणजे वस्त्या, येतात.

गावचा विकास आराखडा करायची देशभराची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालते. आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे दिवस कशाचे आहेत ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी अंगावर आलेली असते, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झालं की कापसाची वेचणी सुरू, ती दिवाळीनंतर जोरात आणि पार संक्रांतीपर्यंत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाई सकाळी दव उतरलं की कमरेला ओटी बांधून कपाशीच्या ओळीत शिरते, संध्याकाळी वावरातच काट्यावर कापूस मोजून होतो, मग गाठोडी बंडीवर जातात, मग ती घरी येऊन चूल पेटवते. आणि ग्रामसभा सकाळी अकरा वाजता, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, पोडापासून दोन-तीन किलोमीटरवर. सभेला आली तर त्या दिवसाची मजुरी गेली, भर हंगामात कोणती बाई येईल सांगा? आणि मग वरून म्हणतात की लोकांना विकासात इंटरेस्ट नाही, हे ऐकलं की फार वाईट वाटतं.

पुढं काय होतं ते पण सांगते. ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला कोरमची अटच नाही. मग दहा-पंधरा माणसं बसतात, त्यातली निम्मी कंत्राटाच्या नादानं आलेली, आणि वर्षभराची कामं ठरतात. पेव्हर ब्लॉक, सभामंडप, प्रवेशद्वार, सिमेंट रोड जो मागच्या वर्षी पण केला होता. ऑपरेटर ते सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवतो आणि आराखडा झाला. नियमानुसार ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आमच्याकडं तिच्या रजिस्टरवर सह्या घरोघरी फिरून घेतल्या गेल्या. मला कोण्या एका ग्रामसेवकावर राग काढायचा नाही, एकेकाकडं दोन-दोन तीन-तीन गावांचा चार्ज असतो आणि वरून तारीख आलेली असते, तो बिचारा तरी काय करणार. चूक तारखेत आणि पद्धतीत आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही गटाच्या बाया मिळून एका पोडावर रात्री जेवणं झाल्यावर बसलो. सरकारी काही नव्हतं, आमचं आम्हीच. म्हाताऱ्या बाया कोलामीत बोलल्या, शाळेत जाणाऱ्या पोरींनी मराठीत सांगितलं. त्या रात्री एकीनंही प्रवेशद्वार मागितलं नाही. सगळ्यात आधी आली पांदण, म्हणजे वावरात जायची वाट. पावसाळ्यात पांदणीत गुडघाभर चिखल असतो, बंडी जात नाही, खत डोक्यावर न्यावं लागतं आणि फवारणीचं पाणी पण. दुसरं, पोडाजवळ चालू हँडपंप. आणि तिसरं जे निघालं ते मला स्वतःला सुचलं नसतं, माल ठेवायला जागा. कापूस घरात भरला की माणसं ओट्यावर झोपतात, त्यात उंदीर, विस्तवाची भीती, अंगाला खाज सुटते, आणि दुकानदाराची उधारी असते, म्हणून मिळेल त्या भावात गावात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकतात. सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस खरेदीचं, केंद्र तालुक्याला, तिथं नोंदणी लागते, सातबारा लागतो, आणि जिचा नवरा गेला आणि वावर अजून सासऱ्याच्या नावावर आहे तिनं काय दाखवायचं? अशा बाया आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, का आहेत ते पेपरवाल्यांना मी सांगायला नको.

सोयाबीनचं पण तेच. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासूनची आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ६ टक्के, चांगली योजना आहे हो. पण जिच्याकडं पाच क्विंटल सोयाबीन आहे ती गाडीभाडं करून बाजार समितीत कशी नेईल, भाड्यातच सगळं जाईल. दोन-तीन गावं मिळून एक छोटं गोदाम आणि एक वजनकाटा झाला आणि गटांनी माल एकत्र केला तर त्याच योजनेचा फायदा पोडापर्यंत येतो. आर्थिक विकास म्हणतात तो हाच की. ही मागणी आराखड्यात कुठंच नाही, कारण जिची मागणी होती ती त्या दिवशी वावरात होती.

पैसा नाही असं कोणी म्हणू नये. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीत आला, त्यातला ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बंधित असला तरी ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, होता, पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के वेगळा. पेसात तर वस्ती किंवा पोड स्वतःची ग्रामसभा मागू शकतं, राज्याचे नियम २०१४ पासून आहेत, पण ही गोष्ट पोडावर जाऊन सांगतं कोण?

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे, त्यांना २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ते गाव बांबू स्वतः तोडतं, स्वतः विकतं, आणि तेंदूपत्त्यापायी झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लागतात म्हणून हातात येणारं तेंदूचं उत्पन्न त्यांनी ग्रामसभेत बसून सोडलं. भूमिहीन माणूस सभेत बसलेला असतो म्हणून असे निर्णय टिकतात, असं मला वाटतं. आमच्याकडं तेवढं जंगल नाही, पण बसायला तर येतं ना सगळ्यांना.

वरच्या पातळीवरची गोष्ट थोडक्यात. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समितीचं काम सांगितलं ते गावांचे आणि शहरांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा करायचं. तिच्यात पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांतून निवडून आलेले पाहिजेत, पण २०२२ मध्ये मुदत संपल्यावर आमच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. विदर्भ विकास मंडळाची मुदत तर ३० एप्रिल २०२० लाच संपली. अनुशेषावर, म्हणजे मागं राहिलेल्या भागाच्या विकासाच्या थकबाकीवर, भाषणं खूप ऐकली आम्ही, तो मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून ऐकतोय. गावातल्या गावात पोडाचा जो अनुशेष आहे तो मोजायला मात्र कोणती समिती आली नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आमचं एवढं म्हणणं आहे. आराखड्याची मोहीम केंद्राची असली तरी गावातली चर्चा उन्हाळ्यात घ्या, एप्रिल-मे मध्ये वावरात काम कमी असतं, ऑक्टोबरात फक्त मंजुरी ठेवा. सभा पोडावर, पारध्यांच्या बेड्यावर, दलित वस्तीत घ्या, रात्री आठला, आणि कोलामी बोलणारी पोरगी सोबत ठेवा, तिला मानधन द्या. कोणी काय मागितलं, त्यातलं काय घेतलं आणि काय का नाही घेतलं, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. आणि तहकूब सभेत आराखडा मंजूर करू नका. यातल्या बहुतेक गोष्टींना नवीन कायदा लागत नाही, जिल्हा परिषदेच्या सीईओंचं एक पत्र पुरतं. ते पत्र यंदाच्या उन्हाळ्याच्या आत निघावं, आमच्या गटाच्या बाया पोडावर सतरंजी टाकायला तयार आहेत.

आपली,
बचत गटातली एक शेतकरी महिला
ता. केळापूर, जि. यवतमाळ