तो टोप माझ्याच दुकानातला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो छापलात, खाली ओळ 'रेड इंडियन राजा'. त्या पोराच्या डोक्यावरचा पिसांचा टोप माझ्याच दुकानातला. होळकरी पगडीशेजारच्या खुंटीवर असतो, भाडं दीडशे रुपये. पावतीवर 'राजा' मीच लिहितो, म्हणजे चूक आधी माझी.

फोटो पाहून अमेरिकेत ओक्लाहोमाला राहणाऱ्या भाचीचा फोन आला. "मामा, राजा कसला?" तिकडे कायोवा या मूळ अमेरिकन जमातीचे लोक राहतात. त्यांच्यात टोपातलं पीस कमवावं लागे. जिवंत शत्रूला हाताने किंवा काठीने शिवून परत यायचं, हा मोठा पराक्रम. अशा कामगिरीवर गरुडाचं पीस मिळे.

टोप उतरवून पाहिला. 28 पिसं, सगळी कोंबडीची, टोकं काळ्या रंगात बुडवलेली. टोकंच काळी का, हे तीस वर्षांच्या धंद्यात मला कधी सुचलं नाही. खरी पिसं कोवळ्या सोनेरी गरुडाच्या शेपटीची, पांढरी आणि टोकाला काळपट. एका शेपटीत पिसं 12. म्हणजे माझ्या टोपाला तीन गरुड लागले असते! आज अमेरिकेत सामान्य माणसाला गरुडाचं पडलेलं पीसही घरी ठेवता येत नाही. जमातीच्या लोकांना डेन्व्हरजवळच्या सरकारी भांडारात अर्ज करावा लागतो, आणि अख्ख्या पक्ष्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

त्यांच्या समारंभात नाचताना पीस जमिनीवर पडलं तर नाच थांबतो. ते माजी सैनिकाच्या हातूनच उचलायचं. मुलींच्या आयाही माझ्याकडे हा टोप मागतात, म्हणून भाचीला विचारलं, तिकडे बायका घालतात का? घालतात. ब्लॅक लेगिंग्ज नावाचं कायोवा माजी सैनिकांचं मंडळ आहे. त्यांच्या समारंभात काही बायका लाल-निळा पोशाख करून नात्यातल्या सैनिकाच्या मानासाठी टोप घालून नाचतात.

आमच्या आजोबांची पगडी वडिलांनी कधी भाड्याने दिली नाही. गिऱ्हाईक अडून बसलं तर "ती दुसरी बघा" म्हणायचे.

टोप खुंटीवरून काढलाय. शाळेची अनामत परत करायची आहे. मागची दोन पिसं मोडून आलीत, त्याचे पैसे कापावेत की नाही, ते मात्र अजून ठरत नाही.

आपला,
एक पोशाखवाला, रामबाग, इंदूर