घोटीच्या तूसवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

माझ्या फोनमध्ये तुमचं नाव ‘तूस घोटी’ एवढंच आहे. खरं नाव विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं. आषाढात भर पावसात तुम्ही गिरणाऱ्याला जिच्याकडे कोंबड्यांखाली अंथरायचं भाताचं तूस, 10 गोण्या, घेऊन आलात आणि 8 गोण्या परत घेऊन गेलात, ती मी.

तुम्ही येण्याआधी काय काय झालं होतं ते लाजेपोटी सांगितलं नाही, आता सांगते. गावरान कोंबड्या 14 होत्या, तुम्ही आलात तेव्हा 10 उरल्या होत्या. ज्यांनी खुराडं आणि पुढचं जाळीचं आवार बांधून दिलं, त्यांनी परसातला सगळ्यात सखल कोपरा निवडला. खाली आमची काळी माती, ती पाणी सोडायलाच तयार नाही. वर पत्र्याचा उतार असा की पागोळ्या थेट कोंबड्यांच्या डोक्यावर. पैसे घेताना ‘मॅडम, 10 वर्षं बघायला नको’ म्हणाले आणि खरंच, पहिल्या पावसानंतर एकदाही बघायला आले नाहीत.

मग रक्ती हगवण लागली. औषधाच्या दुकानातून तीनदा पुड्या आणल्या. हा रोग ओलीत फोफावतो, पण खाली कोरडं आहे का, एवढं कोणी विचारलं नाही. एक जाणकार म्हणून आलेले गृहस्थ दुसऱ्या पोल्ट्रीवरून थेट आले, चिखलाच्या गमबुटांनी आवारभर फिरले, नाकाला रुमाल लावून ‘वास फार आहे’ म्हणाले आणि 500 रुपये घेऊन गेले. वास आहे हे मलाही फुकटात कळत होतं हो!

आणि मग तुम्ही आलात. पहिली गोणी खांद्यावरून उतरवलीत आणि जाळीच्या दाराशी चपला काढल्यात. मला वाटलं, चिखलात रुततील म्हणून असेल. तर तुम्ही म्हणालात, ‘‘सकाळपासून 2 शेडवर जाऊन आलोय मॅडम. तिथली घाण तुमच्या कोंबड्यांना कशाला?’’ नळाखाली पाय धुतलेत आणि त्या हिरव्या-काळ्या रबडीत अनवाणी आत शिरलात.

दादा, त्र्यंबकेश्वर आमच्यापासून फार लांब नाही. देवाच्या दारात चपला काढणारी माणसं जन्मभर बघितली. कोंबड्यांच्या दारात काढणारे तुम्ही पहिले.

आत जाऊन तुम्ही खालचा लगदा मुठीत धरून दाबलात. त्याचा लाडू झाला. ‘‘हा सुटला पाहिजे,’’ म्हणालात. मग उकिडवे बसलात आणि मलाही बसवलंत. ‘‘कोंबडीचं नाक जिथं आहे तिथं नाक न्या.’’ नेलं, तर डोळ्यांतून पाणी आलं. उभ्यानं वास येत होता, बसल्यावर अमोनिया झोंबला. पावसाच्या धास्तीनं मीच चारही बाजूंनी ताडपत्री आवळली होती. तुम्ही एक शब्द लागेलसं बोलला नाहीत. ‘‘झड त्र्यंबकच्या अंगानं येते, उगवतीची बाजू बिचारी कशाला बंद केली?’’ एवढंच म्हणालात आणि गाठ सोडलीत.

मी म्हटलं, सगळ्या गोण्या टाका आता. तुम्ही नाही म्हणालात. ‘‘ओल्यावर कोरडं टाकलं तर 4 दिवसांत तेही ओलं. माझा धंदा होईल, तुमचं काय होईल? आधी पाणी काढा.’’ विकायला आलेल्या माणसानं माल गाडीत परत भरताना मी आजवर पाहिलं नव्हतं. 2 गोण्या तेवढ्या खुराड्याच्या आत, उंचावर पसरल्यात, फावडं मागून घेऊन चराची पहिली 5 हात खोदाई स्वतः केलीत, आणि पैसे घेतलेत ते 2 गोण्यांचेच. वर चहा. त्यातही साखर कमी होती, ते मला नंतर कळलं.

पुढचं सगळं, म्हणजे मुरूम, पन्हळ, चुना, पाण्याचं भांडं विटांवर चढवणं, ते आम्ही केलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तुम्ही गेल्यापासून एकही कोंबडी दगावलेली नाही. रोज सकाळी मूठ भरून दाबते. गेले 10 दिवस तूस बोटांतून सुटतंय. काळी तलंग, त्या दिवशी मान टाकून बसलेली, आता कोपऱ्यातल्या कोरड्या मातीत लोळून धूळ उडवते.

म्हणून सांगते, त्या 8 गोण्या आता घेऊन या. जमीन तयार आहे, चहाला साखर पुरेशी असेल. आणि या वेळी अनवाणी जायचं नाही. दाराशी फक्त आतल्यासाठी म्हणून स्लीपरचा जोड ठेवलाय, 9 नंबरचा. ओट्यावर तुमचं ओलं पाऊल उमटलं होतं, त्यावरून माप घेतलं.

तुमची,
गिरणाऱ्याच्या कोंबडीवाल्या मॅडम