दारावर नाव लावून देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर अमळनेरला आलो आहे आणि तुमच्यापासून दूर बसून हे पत्र लिहीत आहे, कारण समोरासमोर आभार मानू लागलो की तुम्ही चहा टाकायला उठता. पत्र सर्वांसमोर ठेवतो आहे ते मात्र एवढ्यासाठी, की आपल्या धुळे-जळगावकडची काही मुले सध्या जर्मनीला निघण्याच्या तयारीत आहेत आणि तुम्ही मला जे शिकवले ते त्यांच्याही कामी यावे.

स्टुटगार्टमधल्या भाड्याच्या घराची किल्ली हाती आली तो शनिवार होता आणि दिवस मावळला होता. दार उघडले, तर स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून बाहेर आलेले नळाचे पाइप आणि विजेची जोडणी एवढेच होते. ओटा नाही, शेगडी नाही, भांडी धुवायची जागा नाही, आणि छतातून दिव्यांऐवजी नुसत्या वायरी लोंबत होत्या. जुना भाडेकरू पुष्कळदा स्वयंपाकघरासकट घर सोडतो, ही तिथली रीत मला ठाऊक नव्हती, त्यामुळे खरे सांगायचे तर घरात चोरी झाली असेच मला वाटले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दुकाने बंद. मावशीने दिलेल्या क्रमांकावर मी संकोचत फोन केला आणि पलीकडून तुम्ही म्हणालात, "घाबरू नको भाऊ, मी शे ना." त्या मुलखात अहिराणी कानावर पडेल याची कल्पनाच नसल्याने काही क्षण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तासाभरात तुम्ही आणि दाजी एक दिवा, विजेची शेगडी आणि डब्यात कळण्याची भाकरी व ठेचा घेऊन दारात उभे होतात.

दाजी दिवा बसवत असताना तुम्ही खाली जाऊन टपालपेटी पाहून आलात आणि विचारलेत, "तुन्हं नाव कोठे शे?" मला प्रश्नाचे गांभीर्य कळले नाही. आमच्या गल्लीत पत्रावर आजोबांचे नाव असले तरी पोस्टमन ते बरोबर आमच्याच ओट्यावर आणून देतो. तिथे मात्र पत्त्यात सहसा खोली क्रमांक नसतो, पेटीवरचे नाव हाच पत्ता, आणि नाव नसेल तर पत्र परत जाते; बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड, कर क्रमांक हे सारे तर टपालानेच येणार असते. तुम्ही पर्समधून कागद काढून ठळक अक्षरांत माझे आडनाव लिहिलेत आणि पेटीवर व घंटीजवळ चिकटवलेत. माझा कर क्रमांक आला तो त्याच पेटीत.

पुढच्या आठवड्यात घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन, चौदा दिवसांची मुदत उलटण्याआधी, पत्त्याची नोंदणी करायला तुम्ही कामावरून सुट्टी काढून माझ्याबरोबर आलात. अनामत रकमेचेही तसेच. मध्यस्थाने मूळ भाड्याच्या तिप्पट रक्कम एकदम मागितली होती आणि मी उसनवारीच्या विचारात होतो. ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे, हे तुम्ही सांगितलेत आणि तसे पत्रही लिहून दिलेत.

जिन्याच्या पाटीची गोष्ट लिहू नये असे वाटले होते, पण लिहितो. एके सकाळी माझ्या दाराला 'केअरवोखे' लिहिलेली पाटी अडकवलेली दिसली. चुकून आली असावी असे समजून मी ती शेजारच्या आजीबाईंच्या दाराला लावली. त्यांनी परत माझ्या लावली. मी पुन्हा त्यांच्या. हा खेळ तीन दिवस चालल्यावर तुम्ही हसून सांगितलेत की त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी माझी आहे. तुम्ही माझ्याबरोबर आजीबाईंकडे येऊन माझ्या वतीने माफी मागितलीत, याचे ओझे अजून मनावर आहे.

खिडक्यांच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी वाद घातला. वैशाखात चव्वेचाळीस अंशांची झळ आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेणाऱ्या घरात मी वाढलो, म्हणून ऐन हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटे खिडक्या सताड उघडायच्या, हे मला वेडेपणाचे वाटले. जानेवारीत कपाटामागची भिंत बुरशीने काळी पडली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त ब्रश आणून दिलात.

काल शिरपूरला तुमच्या आईंना भेटून आलो. आखाजीला झोका बांधला आहे, पण लेक नाही, असे त्या दोनदा म्हणाल्या. त्यांनी ज्वारीच्या बिबड्या बांधून दिल्या आहेत आणि त्या मोडू नयेत म्हणून मी हातातल्या पिशवीतूनच आणणार आहे. परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे येतो. त्या आठवड्यात पाटी माझ्या दारावर आहे, तेव्हा जिना पुसून झाला की निघेन.

आपला कृतज्ञ,
अमळनेरचा भाऊ