मुदत आधी सांगा, मग ती पाळा

महोदय,

ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरची एखादी जुनी आवृत्ती बंद होणार म्हटले की ‘आमचे सगळे नीट चालले आहे, मग बंद कशाला?’ अशी ओरड हमखास होते. मागणी रास्त वाटते, पण जुनी आवृत्ती सांभाळणे म्हणजे ती डाउनलोडसाठी ठेवून देणे नव्हे.

नव्या आवृत्तीत सुरक्षेची त्रुटी सापडली की दुरुस्ती जुन्या कोडमध्येही उतरवावी लागते. याला बॅकपोर्ट म्हणतात. मधल्या काळात तो भाग पार बदललेला असला तर दुरुस्ती जशीच्या तशी बसत नाही. ती नव्याने लिहायची, पुन्हा तपासायची, आणि मूळ कोड लिहिणारा बहुधा केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला. शिवाय दुरुस्ती जाहीर होताच ती वाचून जुन्या आवृत्तीत शिरायचे कुठून, हे हल्लेखोरालाही कळते. म्हणून ‘जमेल तशी’ देखभाल मला सर्वांत घातक वाटते. वापरणारा निर्धास्त राहतो आणि दुरुस्ती कधी येते, कधी येत नाही.

आवृत्तीच्या देखभालीची मुदत तीन वर्षे असावी की पाच, यावर वाद घालता येईल. ती पहिल्या दिवशी सांगितली आणि पाळली का, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. पोस्टग्रेसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे देते. डेटाबेस सांभाळणाऱ्याला अपग्रेड कधी करायचे ते आधीच ठाऊक असते. याउलट सेंटओएस ८ ही सर्व्हरवर चालणारी लिनक्स कार्यप्रणाली. ती २०१९मध्ये आली, २०२९पर्यंत चालेल या हिशेबाने लोकांनी सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झाले की २०२१अखेर ती बंद!

मुदत वाढवणेही वाटते तितके निरुपद्रवी नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २.७ आवृत्तीची अखेर २०१५मध्ये व्हायची होती. २०१४मध्ये ती २०२०पर्यंत पुढे ढकलली गेली. मोठ्या प्रकल्पांना तेवढा वेळ हवा होता, हे खरे. पण वाढीव मुदत मिळाली की अपग्रेडचे काम यादीत आणखी खाली सरकते (व्यवस्थापकांनी रागावू नये).

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सहा वर्षांपर्यंत सांभाळल्या जात. २०२३मध्ये ही मुदत दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले. कारणे साधी होती: इतक्या जुन्या आवृत्त्या वापरणारे थोडे आणि त्या सांभाळणारे दमलेले.

यंत्रे आणि वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांना दहा वर्षांची देखभाल लागते, हे मान्य. मग त्यांनी त्यासाठी माणसे द्यावीत किंवा पैसे मोजावेत. डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीची जुनी आवृत्ती पाच वर्षांपर्यंत नेण्याचे काम असेच कंपन्यांच्या पैशांवर चालते. फुकट वापरायचे आणि वर मुदतवाढही मागायची, हे बरे नव्हे.

प्रकल्पांनीही एक करावे. शेवटची तारीख संकेतस्थळाच्या कोपऱ्यात न ठेवता सॉफ्टवेअर सुरू होतानाच दाखवावी आणि अखेरचे वर्ष लागले की रोज दाखवावी.

– एक सॉफ्टवेअर अभियंता