गजूस पत्र: पाऊस लागायच्या आधी रुजू हो

घाटंजी,
मे अखेर

प्रिय गजू,

फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. रस्त्याच्या कामावर पर्यावरण अधिकारी म्हणून तुला बोलावलंय आणि घरचे म्हणतात, सिव्हिल शिकून कागदं रंगवायची नोकरी कशाला. मला विचारशील तर घे. पण मृगाच्या आधी रुजू हो, कारण यातलं खरं काम पाऊस लागायच्या आधीच होतं.

आपली काळी माती तुला ठाऊक आहे. तिच्यातला २ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण स्थिर पाण्यातसुद्धा एक मीटर खाली बसायला तीन दिवसांहून जास्त घेतो. भरावावरून गढूळ पाणी एकदा सुटलं की खाली कापड ताणा नाहीतर दगडांचा बांध घाला. वाळू अडेल, मुरूम अडेल, काळं पाणी नाल्यात जाणारच. गाळखड्ड्यात तुरटी टाकता येते, पण जोराच्या पावसात ती कुठवर पुरणार? माती जागची हलूच द्यायची नाही, हे पक्कं धर. लागेल तेवढीच जमीन उघडी करायची. वरच्या अंगाचं पाणी चर काढून कामाबाहेरून न्यायचं. उतार तयार झाला की गवत लावायचं. मातीचा ढीग नाल्याकाठी पडू द्यायचा नाही. पावसात हे जमत नाही, ट्रॅक्टरच फसतो.

मागच्या साली एका कामावर असाच ढीग मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी राहिला. पाणी फिरलं आणि खालच्या वावरातलं सोयाबीन गाळाखाली गेलं. धुरा (शेताचा बांध) बांधून दिला, पण मोडलेला हंगाम कोण भरून देणार? ते वावर कुठल्याच नकाशावर नव्हतं, कारण नकाशा रस्त्याच्या हद्दीपाशी संपला होता. तू पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मोरीपासून खाली पांदणीने चालत जा, पाणी कोणाच्या विहिरीजवळून जातं ते बघ. गावातली म्हातारी माणसं सांगतील तसं सर्व्हेत सापडत नाही.

सिमेंटच्या धुवणाकडेही लक्ष ठेव. मिक्सर धुतलेल्या पाण्याचा पीएच १२ च्या आसपास जातो, म्हणजे ते जहाल अल्कधर्मी असतं. त्याला अस्तर घातलेला वेगळा खड्डाच हवा.

कायदा पाठीशी आहे. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ नाल्यात घाण सोडायला मनाई करतं. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये धूप आणि गाळ रोखण्यासाठी कलम ३०६ आहे. पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाची (ईआयए) २००६ ची अधिसूचना आहे, तिच्याखाली पर्यावरण मंजुरी असेल, तर १ जून आणि १ डिसेंबरला पूर्तता अहवाल द्यावा लागतो. अमेरिकेत एक एकर जमीन उघडी केली तरी परवाना लागतो, आणि पाहणी दर सात दिवसांनी, नाहीतर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की चोवीस तासांत. आपल्याकडे कोणी सांगो न सांगो, तू ही सवय लाव. पर्जन्यमापक साइटवरच ठेव, फोटोवर तारीख असू दे.

मुलाखतीत दोन गोष्टी विचारच. मोरीचं तोंड बुजत असेल तर काम थांबवायचा अधिकार मला आहे का? आणि चर, गवत, गाळखड्डे यांचे पैसे वेगळे आहेत की मातीकामातच धरलेत? मातीकामात धरले असतील तर ती कामं सगळ्यात शेवटी ढकलली जातात, म्हणून कार्यक्रमपत्रकात त्यांच्या तारखा लिहून घे.

कलम ३०६ ची प्रत माझ्याकडे आहे, पोस्टाने धाडतो. काका-काकूंना नमस्कार सांग. रुजू व्हायची तारीख कळव.

तुझा,
विलास