थँक यू कॅप्टन, कंसातल्या त्या आकड्यांसाठी

प्रिय कॅप्टन,

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, तरी मराठीतच लिहितेय, कारण इंग्लिशमध्ये लिहायला बसले की सगळं ऑफिसच्या मेलसारखं होतं.

तुमच्या फायर प्रोटेक्शनच्या क्लासला ए मिळालाय!! अजून खरं वाटत नाही. तुमच्याकडे यायच्या आधी मी दुसऱ्या एका कम्युनिटी कॉलेजात विचारायला गेले होते, तिथल्या काउन्सेलर बाईंनी स्क्रीनवरून नजरही न काढता सांगितलं की हे होज, म्हणजे बंबाचा पाइप, ओढणाऱ्या पोरांचं काम, तू चाइल्ड डेव्हलपमेंट घे. अहो बाई, आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचं डिझाइन करायला होज कशाला ओढायला लागतोय? आणि इथली आमची मराठी मंडळीही काही कमी नाहीत, पॉटलकच्या जेवणाला "आता बंबावर चढणार का" हे हसत हसत ऐकवून झालंय.

सुरुवातीलाच तुम्ही बोर्डवर लिहिलंत, लाल बल्बचा स्प्रिंकलर, १५५ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे एवढ्या तापमानाला बल्ब फुटतो आणि पाणी सुटतं. मी आपली सेल्सिअस काढायला वहीच्या कोपऱ्यात ३२ वजा करून भागाकार करत बसले, तोवर तुम्ही कुठल्या कुठे पोचलात. हात वर करून विचारायची लाज वाटली. तुम्ही जाता जाता वहीत डोकावलात, बोलला काहीच नाहीत. आणि पुढच्या लेक्चरला बोर्डवर १५५ च्या शेजारी कंसात ६८. पाण्याच्या मिनिटाला १४.८ गॅलनच्या शेजारी ५६ लिटर. मग टर्मभर प्रत्येक आकड्याला कंस, अगदी परीक्षेच्या पेपरातसुद्धा! एका पोराने विचारलं हे कशाला, तर तुम्ही म्हणालात, बाकीचं जग यातच मोजतं. बस. माझ्याकडे बघितलंही नाहीत. तीस वर्षं आगीत घुसलेला माणूस रात्री घरी बसून कुणा एकीसाठी पेपरात सेल्सिअस टाकतो, मला तर हे लिहितानाही भरून येतंय. अशी माणसं असतात हो, फक्त गाजावाजा करत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

र्‍होड आयलंडच्या स्टेशन नाइटक्लबचं तुम्ही शिकवलंत ना, २००३ ची आग, स्प्रिंकलर नव्हते, बहुतेक जण ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे पळाले आणि १०० माणसं गेली, ते डोक्यातून जातच नाही. भारतात एका लग्नाला गेले तर कार्यालयाचं मागचं दार कुलूपबंद आणि पुढ्यात खुर्च्यांचा ढीग. मॅनेजरशी वाद घालून उघडायला लावलं, मावशी म्हणाली हिला अमेरिकेत काय झालंय. नवरदेवाच्या काकांनी मात्र स्वतः खुर्च्या उचलायला हात लावला.

आणि हो, तुमचं एनएफपीए १३ चं, म्हणजे स्प्रिंकलर बसवायच्या नियमांचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे, सोमवारी आणून देते. सोबत चकल्या आहेत, जरा तिखट झाल्यात, पाणी जवळ ठेवा.

तुमची विद्यार्थिनी